भाड्याचं हत्यार

मामाचा स्टुडिओ चिंचवडगावात, मोरया गोसावींच्या समाधी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. खंडेनवमीला तो कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, माळ्यावरचा जुना एन्लार्जर आणि दोन्ही कॉम्प्युटर ओळीत मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. त्या दिवशी भोसरीच्या शेडमध्ये लेथला हार असतो, आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेसला असतो, तसा इथे निकॉनला. गेल्या खंडेनवमीला पेढा तोंडात टाकता टाकता मी बोलून गेले, "मामा, कॉम्प्युटरची पूजा केलीस, पण आतलं फोटोशॉप कुठं तुझं आहे? हत्यार भाड्याचं."

"का? भाड्याच्या घरात घट बसत नाहीत?"

विषय तिथेच संपला असता. पण ऐन दिवाळीत काउंटरवरचा कॉम्प्युटर गचकला आणि वाद परत वर आला.

आतल्या खोलीत अल्बम करणारा पोरगा बसतो. त्याच्या मशीनवर मासिक हप्त्याचं फोटोशॉप आहे. बाहेर काउंटरवर मामा स्वतः. पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती, मधूनच एखाद्या कंपनीच्या कॅटलॉगचं काम. या मशीनवर २०१२ चं फोटोशॉप सीएस सिक्स होतं, रोख पैसे मोजून घेतलेलं. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा मामानं कपाटातून सीएस सिक्सची डीव्हीडी काढली, फडक्यानं पुसली, आणि नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडी घालायचं तोंडच नाही हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"जाऊ दे," मामा म्हणाला. "यावरही हप्त्याचंच टाकू. एका वर्गणीत दोन कॉम्प्युटरवर टाकता येतं."

"टाकता येतं, पण दोन्हीकडे एकाच वेळी वापरायचं नाही. आत तुझा पोरगा अल्बम करतोय आणि बाहेर तू पासपोर्ट कापतोयस, हे चालत नाही. दुसरी वर्गणी लागेल."

"मग दुसरी घेऊ."

"इतक्या सहज?"

"अगं, माझ्या धंद्यात मासिक काय नाही? गाळ्याचं भाडं मासिक, वीज मासिक, पोराचा पगार मासिक, नेटचं बिल मासिक. त्यात अजून एक. तुम्ही नोकरीवाले पगार महिन्याला घेता आणि आम्हाला सांगता हप्ता वाईट."

हे मला लागलं. पण उत्तर तयार होतं, कारण मामाची वही मीच लिहिते. "पगार मला आषाढातही मिळतो. तुला मिळतो का?"

मामा गप्प बसला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात ते ज्येष्ठापर्यंत. चातुर्मासात त्याच्या आतल्या खोलीत नुसता पंखा फिरतो. गणपती-नवरात्रात मंडळांचं थोडं काम आणि खंडेनवमीला एखाद्या शेडमधला कामगारांचा ग्रुप फोटो, एवढंच. पंचांगावर चालणाऱ्या धंद्याला कॅलेंडरवर चालणारा हप्ता लावलाय. आणि मासिक म्हणतात ते खरं म्हणजे वार्षिकच असतं. नेहमीची योजना म्हणजे वर्षाचा करार, हप्ता फक्त महिन्याला. मधेच सोडायचं म्हटलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मा दंड. हा दंड ग्राहकाला नीट दिसेल असा सांगितला जात नाही, असा आरोप करून जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फोटोशॉपच्या ॲडोबी कंपनीवर दावाही लावला. चातुर्मासापुरती बंद ठेवू म्हणावं तर तशी सोय नाही. अधूनमधून थांबवता येणारी खरी महिन्याची योजना असते, ती महाग.

"आणि भाव वाढला तर?" मी पुढे रेटलं. "फोटोग्राफरांसाठीची वीस जीबीची स्वस्त योजना जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना बंद झाली. तिकडे जुन्यांनाही, महिन्याला पैसे भरायचे असतील तर, दहा डॉलरचे पंधरा. गाळ्याचा मालक भाडं वाढवतो तेव्हा तू त्याच्याशी चहावर भांडतोस. इथे कुणाशी भांडशील?"

"संपलं तुझं? आता माझं ऐक." मामानं चष्मा काढला. "२००३ साली मी फोटोशॉप सेव्हन वापरायचो. कुठून आणलं होतं? कुणीतरी दिलेली सीडी. या पट्ट्यातल्या प्रत्येक स्टुडिओत, प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे तीच. विकत घ्यायचं म्हटलं तर कॅमेऱ्याएवढी किंमत. सीएस सिक्सची पेटी घेतली तेव्हा तुझ्या मामीची पाटली दोन वर्षं बँकेत होती. आज एखादा पोरगा नवीन धंदा टाकतो, त्याला पहिल्या महिन्यात थोडक्या पैशांत चोरी न करता काम करता येतं. हे हप्त्यानं केलं. हे तू वहीत कुठं लिहिणार?"

लिहायला पाहिजे, हे मला कबूल करावं लागलं. 'फुकट' आणि 'विकत' यांची तुलना करताना आपण तिसरा पर्याय नेहमी विसरतो, कारण त्याचं नाव घ्यायची लाज वाटते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणक प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. मामाचा वापर कमाईसाठीच असतो. आमच्या कंपनीच्या लाइनीत एका शेडमध्ये डिझाइनच्या सॉफ्टवेअरबद्दल वकिलाची नोटीस आली, तेव्हा मालकानं दोन दिवसांत सगळे कॉम्प्युटर धुऊन काढले आणि तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग उघडेना म्हणून डोक्याला हात लावून बसला.

"बरं, तुमच्या कंपनीत तरी काय तुमचं आहे?" मामानं उलट विचारलं. "तू सांगतेस ना, डाय कस्टमरची असते?"

हा प्रश्न त्यानं मला अडकवायला विचारला होता. चाकणच्या पट्ट्यात गाडीचा पत्रा दाबणाऱ्या छोट्या कंपन्यांत प्रेस आपली असते, पण डाय बहुतेक वेळा गाडी कंपनीची. तिच्यावर त्यांचा ॲसेट नंबर ठोकलेला असतो. आम्ही ती सांभाळायची, तेल लावायचं, घासायची. ऑर्डर दुसरीकडे गेली की एक दिवस ट्रेलर येतो, क्रेन येते आणि डाय निघून जाते. जमिनीवर तेलाचा चौकोन उरतो.

"म्हणूनच तर सांगते," मी म्हटलं. "मी तो चौकोन पाहिलाय."

यावर मामा हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "पण माझे फोटो काही ट्रेलरवर जात नाहीत. जेपीजी आहेत, डिस्कवर आहेत."

इथे त्याचं बरोबर होतं, आणि मी उगाच भीती घालत होते. हप्ता थांबला तरी फाइल डिस्कवरच राहते, तिला कुणी हात लावत नाही. ॲडोबीचंच लाइटरूम क्लासिक तर वर्गणी संपल्यावरही उघडतं. फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, फक्त डेव्हलपचा आणि नकाशाचा विभाग बंद होतो. फोटोशॉप मात्र उघडतच नाही. मग जेपीजीचं काही बिघडत नाही, पण फोटोशॉपच्या स्वतःच्या पीएसडी फाइलचं काय? करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ चं शीट, त्यात चाळीस लेअर, प्रत्येकाला मास्क, सावली, सोनेरी कड. नवरीच्या काकूचा फोटो राहिला म्हणून वर्षानं पार्टी परत आली तर तेच पीएसडी उघडावं लागतं. हप्त्याचा प्रश्न आजच्या कामाचा कमी आणि परत येणाऱ्या काकूंचा जास्त आहे.

"आणि तुझं एकदाच घ्यायचं सॉफ्टवेअर फार टिकतं का?" मामानं सीएस सिक्सची डीव्हीडी माझ्यासमोर धरली. "मे २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं, यापुढे पेटी नाही, फक्त वर्गणी. म्हणजे मी पाटली ठेवून शेवटची गाडी पकडली. पण २०१५ नंतर हिच्या कॅमेरा रॉला नवा कॅमेरा कळेना. मी कॅमेरा बदलला आणि ही आंधळी झाली."

"ॲडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. रॉ फाइल आधी त्यातून काढायची, मग सीएस सिक्सला कळते."

"म्हणजे हत्यार माझं, पण चष्मा कंपनीकडून मागायचा."

मला वाटतं त्या दिवशीचं सर्वांत नेमकं वाक्य हेच होतं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. विकत घेतलेलंही म्हातारं होतं. लाइटरूम सिक्स हे पेटीतलं शेवटचं लाइटरूम. २०१८ च्या अखेरीस त्याचा नकाशाचा विभाग बंद पडला, कारण त्यामागची नकाशाची सेवा दुसऱ्या कंपनीची होती. मामाच्या कपाटात तर याहून जुना पुरावा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअर या पट्ट्यातल्या पत्रिका, बॅनर, अल्बम सगळ्यांचं अन्न होतं. त्या काळच्या फाइलींतला मजकूर त्या फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक रचनेत असतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरं आणि त्यांवर टिंबं-टोप्या दिसतात. मासिक हप्ता नव्हता तेव्हाही आपली अक्षरं कुलपात होतीच. आपल्याला ते जाणवलं नाही, कारण सगळ्यांकडे तीच किल्ली होती.

"निगेटिव्ह बरी," मी म्हटलं. "उजेडात धरली की दिसते."

"कुणी सांगितलं? ८८ सालच्या अर्ध्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्यात. पावसाळ्यात बुरशी येते. तू आपली कवितेत लिही."

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं तरी काउंटरवरचा नवा कॉम्प्युटर कोराच होता. रविवारी मी तळेगाव चौकातल्या जाममधून सुटून दुपारी पोहोचले आणि म्हटलं, आता वाद नको, काम मांडू. कंपनीत रिजेक्शनचा भाग टेबलावर ठेवून बोलतो तसं. या काउंटरवर नेमकं काय होतं?

पासपोर्ट फोटो सर्वांत जास्त. चाकणला कंत्राटावर लागणारी पोरं गेट पाससाठी येतात, आयटीआयचे प्रवेश, बँकेची खाती. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या एका प्रिंटवर बसतात. याला फोटोशॉप म्हणजे सुपारी फोडायला घण. मी म्हटलं, इरफानव्ह्यू. मग मीच जीभ चावली, कारण ते घरगुती वापराला फुकट आहे, दुकानाला नाही. दुकानानं लहानशी किंमत मोजायची असते. फास्टस्टोनचंही तसंच. 'फुकट' या शब्दाखालची बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला नाही. फोटो सुधारायच्या गिंप या सॉफ्टवेअरला ती अट नाही. घरी वापरा, धंद्यात वापरा, दहा मशीनवर टाका, जीपीएल परवान्यात सगळं बसतं. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्याचं ३.० आलं. आधीच्या २.१० ला तेव्हा जवळजवळ सात वर्षं झाली होती. "सात वर्षं!" मामा म्हणाला. "पिंपरीतले उड्डाणपूल बरे." पण ३.० मध्ये फिल्टर लावून नंतर बदलता येतो, मूळ चित्र खराब होत नाही. ही गोष्ट आधी नव्हती आणि मामासाठी तीच मोठी होती.

रॉ फाइलींना मी डार्कटेबल सुचवलं. मामानं पाच मिनिटं त्यातले पडदे खालीवर केले आणि विमान चालवायला बसवल्यासारखं माझ्याकडे बघितलं. शेवटी उत्तर त्याच्या गळ्यातच लटकलेलं निघालं. निकॉन स्वतःच एनएक्स स्टुडिओ फुकट देतं, २०२१ पासून. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल तसंच. कॅमेऱ्याच्या पैशांत हे आपण भरलेलंच असतं आणि निम्म्या लोकांनी ते उतरवून घेतलेलं नसतं.

मग कॅटलॉगचं काम. भोसरीतून व्हॉल्व्ह, गिअर, बुश येतात. चकचकीत, तेलकट, त्यात मामाचाच चेहरा उमटलेला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापून द्यायचे. इथे पेन टूल आणि मनगट लागतं, ते गिंपच्या पाथमध्येही चालतं. वायर, डाग, लग्नात मागे आलेला केटररचा टब काढायला अफिनिटीचा इनपेंटिंग ब्रश चांगला. अफिनिटी आधी एकदाच पैसे देऊन घ्यायचं होतं. नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचं ते, मार्च २०२४ मध्ये कॅनव्हानं कंपनीच घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केलं. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयच्या करामतींना पैसे.

"करोडोंची कंपनी विकत घेऊन फुकट वाटतात?" मामानं भुवया उंचावल्या. "लग्नात आहेर न घेणारा पाहुणा मला आधीच संशयित वाटतो."

मलाही वाटतो. कॅनव्हा म्हणते फुकटच राहील. पण ज्या घराचं भाडं शून्य आहे, त्याचा मालक तर आहेच. म्हणून मी अफिनिटीत हवं ते काम करावं म्हणते, पण काम झालं की फाइल टिफ करून बाहेर ठेवावी. मामाला हे पटलं, कारण लॅबला नाहीतरी एसआरजीबीतली जेपीजीच द्यायची असते, आणि फ्लेक्सवाला जेपीजी-टिफ घेऊन रंगाचं रूपांतर त्याच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. छपाईचे रंग येत नाहीत म्हणून गिंप नको, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या काउंटरवर तो प्रश्न उभाच राहत नाही.

मराठीची परीक्षा मात्र मी मुद्दाम घेतली. 'श्री', 'ज्ञानेश्वर', 'कार्याध्यक्ष', 'दऱ्याखोऱ्या' हे चार शब्द युनिकोडमध्ये टाइप करायचे. जुन्या अफिनिटीत जोडाक्षरं तुटायची, रफार भलत्याच अक्षरावर बसायचा. नव्यात आपापले फॉन्ट लावून प्रत्येकानं तपासावं. गिंपमध्ये चारही शब्द नीट आले. एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते टाकले. मामा 'दऱ्याखोऱ्या'कडे बराच वेळ बघत राहिला. श्रीलिपीत हा अर्धा र काढायला त्याला कुठली कळ दाबावी लागायची, ते त्याच्या बोटांना अजून आठवत होतं.

हरले मी ती पीएसडीत. आतल्या पोरानं एक तयार शीट आणलं, बाजारात डीव्हीडीवर मिळणाऱ्या टेम्प्लेटमधलं. गिंपमध्ये सोनेरी कडेची चमक गेली, दोन ठिकाणी अक्षरं हलली. ब्राउझरमधल्या फोटोपीत बरंच नीट उघडलं. एका माणसानं लिहिलेलं आहे ते, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, कडेला जाहिराती दिसतात. पण सीझनला दिवसाला चाळीस शीटं त्यात करणार का, असं मी पोराला विचारलं तर तो नुसता हसला. त्याच्या बोटांत शॉर्टकट भरलेत. सीझनच्या तोंडावर त्याला नवं शिकवायचं म्हणजे वरात दारात आली असताना घोडी बदलायची.

"म्हणजे आतलं राहतं," मामा म्हणाला.

"आतलं राहू दे. पण झालेलं प्रत्येक शीट जेपीजीबरोबर टिफमध्येही ठेवायचं, लेअरसकट नाही झालं तरी मोठं."

"डिस्क कोण घेणार, तू?"

"आणि चोरीचं काही नाही, आतही नाही, बाहेरही नाही."

"सीएस सिक्स घेतलं तेव्हापासून नाही," मामा जरा चिडूनच म्हणाला. "पाटलीचे पैसे विसरलीस का?"

एवढ्यात काउंटरवर एक पोरगा आला. पायात सेफ्टी शूज, खांद्याला बॅग. "गेट पासला पाहिजेत, आठ." मामानं त्याला पडद्यासमोर बसवलं, कॉलर सारखी केली, हनुवटी दोन बोटांनी वर केली. फोटो काढून गिंपमध्ये आम्ही बनवलेल्या साच्यात टाकला. बोटं सवयीनं कंट्रोल-जेकडे गेली, भलतंच काहीतरी झालं, मामानं एक शिवी गिळली आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या खेपेला जमलं. प्रिंटरनं चार बाय सहाचा कागद बाहेर ढकलला.

पोरानं पाकीट खिशात घातलं. "परत लागले तर परत बसावं लागेल का, काका?"

"नाही रे, फाइल असते." मामानं पाकिटावर नंबर लिहिला, तोच वहीत टिपला. पोरगा गेल्यावर वही मिटली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "ए, आपल्या त्या वर्षाच्या कराराची तारीख कधी आहे रे?"

"मार्चमध्ये," आतून आवाज आला. "ऐन सीझनमध्ये."